छापखानदाराचे देणे आणि न टाकलेला नादारीचा अर्ज

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी ऑफसेट छापखाना चालवणारे एक गृहस्थ २०२४ च्या पावसाळ्यात आमच्याकडे सल्ल्यासाठी आले. वय पन्नाशीच्या आसपास, धंदा वडिलांपासूनचा, आणि बरोबर कापडी पिशवीभर कागद. सुमारे ४१ लाखांचे देणे झाले होते, घेणेकरी अनेक प्रकारचे होते आणि त्यांचा प्रश्न मात्र एकच होता: ‘साहेब, नादारीचा अर्ज टाकला की हे सगळं थांबेल ना?’ हाच प्रश्न (नादारी म्हणजे देणी फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाकडून ठरवून घेणे) जवळपास याच शब्दांत अनेक जण विचारतात. त्याचे उत्तर कर्जाचा एकूण आकडा पाहून देता येत नाही. ते देणे कोणाकोणाचे आहे आणि कशाच्या आधारावर घेतलेले आहे, हे पाहूनच देता येते, आणि म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे. संबंधितांची ओळख पटू नये यासाठी गावाचा व संस्थांचा नामोल्लेख टाळला आहे आणि रकमा पूर्ण आकड्यांत घेतल्या आहेत.

त्यांच्या छापखान्याचा मुख्य आधार लग्नपत्रिका हा होता. २०१८ मध्ये त्यांनी बँकेचे मुदत कर्ज काढून चार रंगांचे जुने पण चांगल्या स्थितीतील यंत्र घेतले, कागदाच्या खरेदीसाठी कॅश क्रेडिट खाते (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करता येणारे कर्जखाते) उघडले आणि दोन्हींसाठी राहते घर गहाण ठेवले. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली ती ऐन लग्नसराईच्या तोंडावर. तो हंगाम गेला, पुढचाही बहुतांशी गेला, आणि लग्ने पूर्ववत होऊ लागली तेव्हा निम्म्या गिऱ्हाइकांना मोबाइलवरची पत्रिका पुरेशी वाटू लागली होती. बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढले, पतसंस्थेचा हप्ता भरण्यासाठी मोबाइल ॲपवरून वैयक्तिक कर्ज घेतले, आणि ते फेडण्यासाठी शेवटी सावकाराचे दार ठोठावले. प्रत्येक पुढचे कर्ज आधीच्यापेक्षा महाग होते. यात उधळपट्टी कोठेही दिसत नाही, आणि ही बाब पुढे कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरणार होती.

पिशवीतले कागद लावल्यावर जे चित्र दिसले ते असे. राष्ट्रीयीकृत बँकेचे दोन्ही खात्यांवर मिळून २१ लाख, तारण घर आणि यंत्र. नागरी सहकारी पतसंस्थेचे ४ लाख ६० हजार, तारण काही नाही, पण दोन जामीनदार: एक त्यांचे साडू आणि दुसरे जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक मित्र. वैयक्तिक कर्जे व क्रेडिट कार्ड मिळून ३ लाख ४० हजार. कागदाच्या व्यापाऱ्यांची उधारी ५ लाख २० हजार, त्यांपैकी एका व्यापाऱ्याकडे २ लाखांचा न वटलेला धनादेश. सावकाराचे मुद्दल ३ लाख, दरमहा शेकडा पाच व्याजाने. नातेवाइकांचे हातउसने अडीच लाख, वस्तू व सेवा कराची थकबाकी ६० हजार आणि दोन कामगारांचा थकलेला पगार ४८ हजार. मालमत्तेच्या बाजूला सुमारे २६ लाखांचे घर, विकायला काढल्यास साडेपाच लाखांपर्यंत जाणारे यंत्र, गावालगतचा दीड गुंठ्याचा बिगरशेती प्लॉट आणि ३० गुंठे शेतजमीन, जिचे खरेदीखत सावकाराच्या नावे झालेले होते. कामगारांच्या पगाराचा उल्लेख त्यांनी सर्वांत शेवटी, तोही विचारल्यावर केला. देणेकऱ्यांच्या याद्यांत हा आकडा बहुधा असाच राहून जातो, कारण कामगार नोटीस पाठवत नाही.

कायदा आहे, पण कोणता?

त्यांच्या पुतण्याने ‘फ्रेश स्टार्ट’ नावाच्या योजनेची माहिती मोबाइलवर शोधून दिली होती, आणि सल्ल्याच्या पहिल्या बैठकीतील बराच वेळ तो गैरसमज दूर करण्यात गेला. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या कायद्याच्या तिसऱ्या भागात व्यक्तींच्या नादारीची तरतूद आहे आणि त्यात अगदी गरीब कर्जदारासाठी नव्याने सुरुवात करण्याची प्रक्रियाही आहे. तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ६० हजारांपेक्षा, मालमत्ता २० हजारांपेक्षा आणि पात्र कर्ज ३५ हजारांपेक्षा जास्त नसावे आणि स्वतःचे राहते घर नसावे अशा अटी आहेत. आमचे गृहस्थ त्यात कोठेच बसत नव्हते. पण त्याहून मोठी अडचण अशी, की हा तिसरा भाग सर्वसामान्य व्यक्तींना लागू करणारी अधिसूचनाच निघालेली नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. एकल मालकीचा छापखाना चालवणाऱ्या माणसासाठी आजही जुनाच कायदा आहे: मुंबई शहरात १९०९ चा प्रेसिडेन्सी शहरे नादारी कायदा, ज्याचे काम मुंबई उच्च न्यायालयात चालते, आणि राज्याच्या उर्वरित भागात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, ज्याखाली अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा तसे अधिकार दिलेल्या कनिष्ठ न्यायालयाकडे करावा लागतो.

१९२० च्या कायद्याचे वय त्याच्या आकड्यांतून दिसते. देणे फेडण्यास असमर्थ असलेल्या माणसाचे कर्ज ५०० रुपये असले तरी त्याला अर्ज करता येतो. मुक्तता (म्हणजे उरलेल्या देण्यांतून न्यायालयाच्या आदेशाने सुटका) न मिळालेल्या नादाराने आपली स्थिती न सांगता ५० रुपयांची उधारी केली तरी तो गुन्हा ठरतो. मालमत्तेच्या वाटपात कामगाराच्या पगाराला अग्रक्रम आहे, मात्र तो २० रुपयांपर्यंत. शंभर वर्षांपूर्वीच्या या रकमा पाहून हसू येते, परंतु कायद्याचा मूळ सांगाडा आजही विचारपूर्वक उभारलेला वाटतो, असे माझे मत आहे.

या कायद्याखाली न्यायालयाने एखाद्याला नादार ठरवले, की त्याची मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे (मालमत्ता सांभाळण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे) जाते, कोणताही विनातारण धनको न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्याविरुद्ध वसुली करू शकत नाही, आणि न्यायालय अटकेपासून संरक्षणाचा आदेश देऊ शकते. हे सर्व कलम २८ व ३१ मध्ये आहे. येथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली, की हे संरक्षण नादार ठरवल्याच्या आदेशाने मिळते. नुसता अर्ज दाखल केल्याने वसुली आपोआप थांबत नाही, आणि अर्ज ते आदेश या काळात नोटिसा, साक्षी व घेणेकऱ्यांचे आक्षेप यांत बराच अवधी जातो. दुसरी, की त्याच कलम २८ च्या सहाव्या पोटकलमाने तारणधारक धनकोला यातून सरळ वगळले आहे: गहाण मालमत्तेवर हात टाकण्याचा त्याचा अधिकार नादारीमुळे थांबत नाही.

ही दुसरी गोष्ट कळल्यावर प्रकरणाचा रंगच बदलला. ४१ लाखांपैकी निम्म्याहून अधिक देणे ज्या बँकेचे होते, तिला नादारीच्या आदेशाने काहीच फरक पडणार नव्हता.

एकेका घेणेकऱ्याचा विचार

बँकेने सरफेसी कायदा, २००२ (तारण मालमत्तेवरून न्यायालयात न जाता वसुली करण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) च्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस दिली होती आणि त्यांपैकी ४१ दिवस उलटले होते. या गृहस्थांनी नोटीस घेतली होती, पण उत्तर दिले नव्हते. ‘उत्तर दिलं म्हणजे कबूल केल्यासारखं होतं’ अशी त्यांची समजूत होती. वास्तविक नोटिशीवर आक्षेप घेण्याचा कर्जदाराला हक्क आहे आणि आक्षेप आल्यावर बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे. त्यानंतर बँकेने कलम १३(४) खाली ताबा घेण्याचे पाऊल उचलले, तर ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आम्ही आक्षेप पाठवला तो देणे नाकारण्यासाठी नव्हे. दंडव्याजाच्या आकारणीचा तपशील मागण्यासाठी आणि तडजोडीची तयारी लेखी नोंदवण्यासाठी. बँकेची कागदपत्रे तपासताना आणखी एक गोष्ट आढळली. हमीपत्रावर त्यांच्या पत्नीची सही होती. त्या अंगणवाडी सेविका आहेत; २०१८ मध्ये कोणीतरी ‘इथे सही करा’ म्हटले आणि त्यांनी केली, एवढेच त्यांना आठवत होते. नवऱ्याच्या कर्जासाठी पत्नीचे स्त्रीधन किंवा मिळकत एरवी जप्त होत नाही, पण हमीदार म्हणून सही असेल तर ती स्वतंत्रपणे देणेकरी ठरते.

पतसंस्थेने महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला होता. दाखला मिळाला म्हणजे दिवाणी दाव्याची पायरी ओलांडली गेली. त्यानंतर कलम १५६ व नियम १०७ खाली थेट जप्ती व विक्री होऊ शकते, आणि दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर रकमेचा ५० टक्के भरणा आधी करावा लागतो. पतसंस्थेने त्यांच्या प्लॉटच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बोजा चढवला होता आणि शिक्षक जामीनदाराच्या पगारातून कपातीचे पत्रही त्याच्या कार्यालयाकडे गेले होते.

जामीनदाराच्या बाबतीत लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते आणि संस्था थेट त्याच्यामागे लागू शकते. नादारी कायद्याचे कलम ४४ तर स्पष्टच म्हणते, की नादाराला मुक्तता मिळाली तरी त्याचा जामीनदार सुटत नाही. म्हणजे या गृहस्थांनी नादारी पत्करली असती, तर ४ लाख ६० हजारांचा सगळा भार साडूंवर आणि त्या शिक्षकावर पडला असता, आणि पैसे भरून ते पुन्हा यांच्याच नादारीत धनको म्हणून रांगेत उभे राहिले असते. हे ऐकल्यावर ते गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या सर्व बैठकांत ‘मास्तरांचा पगार’ हा त्यांचा पहिला मुद्दा असे.

धनादेशाचे प्रकरण वेगळ्याच वाटेचे होते. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली धनादेश न वटल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरण्याची मुदत आणि त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार असा क्रम आहे; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नादार ठरलो म्हणून ही तक्रार आपोआप थांबेल, या भरवशावर कोणी राहू नये.

अटकेची भीती बहुतेकांच्या मनात असते आणि वसुली करणारे तिचा पुरेपूर वापर करतात. केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ प्रमाणे पैसे असूनही न देणे, मालमत्ता लपवणे, पळून जाण्याच्या बेतात असणे अशी कारणे दाखवावी लागतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात हेच तत्त्व ठामपणे मांडले. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. उलट, दरखास्तीत (म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या कामात) ऋणकोला अटक करून न्यायालयापुढे आणले, तर ‘तुम्हाला नादारीचा अर्ज करता येईल’ हे त्याला सांगण्याचे कर्तव्य कलम ५५ ने न्यायालयावरच टाकले आहे. नादारीचा कायदा ज्याच्यासाठी खरोखर उपयोगी आहे तो माणूस हाच: विनातारण देणे, हुकूमनामे झालेले, जामीनदार नाहीत आणि विकण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. आमच्यासमोरचा माणूस तो नव्हता.

ॲपवरील कर्जे आणि क्रेडिट कार्ड हे रकमेने लहान आणि त्रासाने सर्वांत मोठे प्रकरण होते. वसुली एजंट पहाटे साडेसहाला फोन करत, पत्नीच्या अंगणवाडीत फोन करत, पुतण्याला धमकावत. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाहीत आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना त्रास देता येत नाही. फोन कोणत्या वेळी आले याची यादी व ध्वनिमुद्रणे जोडून संबंधित संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवले. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार करता येते. येथे ती वेळ आली नाही, कारण पत्र गेल्यावर फोन दिवसाउजेडी आणि फक्त कर्जदारालाच येऊ लागले.

सावकाराबाबत थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. ३ लाखांच्या मुद्दलावर अडीच वर्षे दरमहा १५ हजार, म्हणजे एकूण साडेचार लाख रुपये व्याज म्हणून गेले होते आणि मुद्दल जागच्या जागी होते. ३० गुंठ्यांचे खरेदीखत ‘पैसे परत दिले की उलटून देतो’ या तोंडी आश्वासनावर झाले होते आणि दोन कोरे धनादेश सावकाराकडे होते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे, परवाना नसलेल्या सावकाराच्या दाव्यात न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही, आणि कलम १८ प्रमाणे सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेली स्थावर मिळकत १५ वर्षांच्या आतील असेल, तर जिल्हा उपनिबंधक ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देवू शकतात. अर्थात हे सिद्ध करावे लागते. खरेदीखतावर ‘विक्री’ असेच लिहिलेले असते, आणि एखाद्याने एकदाच उसने पैसे दिले तर त्याला सावकारीचा धंदा म्हणता येत नाही. या गृहस्थांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. व्याज त्यांनी दरमहा मोबाइलवरून पाठवले होते आणि बँकेच्या उताऱ्यावर महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास तीच १५ हजारांची रक्कम ओळीने दिसत होती. आणि त्याच माणसाच्या नावे आसपासच्या गावांत अशीच आणखी काही खरेदीखते नोंदलेली असल्याचे दुय्यम निबंधक कार्यालयातील शोधात आढळले. शिवाय खरेदीखतानंतरही जमीन हेच कसत होते.

प्लॉट पत्नीच्या नावे करावा का?

दुसऱ्या बैठकीला येताना ते बक्षीसपत्राचा मसुदा घेऊनच आले होते: दीड गुंठ्याचा प्लॉट पत्नीच्या नावे. ओळखीच्या एका मुद्रांक विक्रेत्याने हा सल्ला दिला होता. हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की त्याचे परिणाम सांगणे आवश्यक आहे. नादारी कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे नादारीच्या अर्जापूर्वी दोन वर्षांच्या आत, मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो; नादारी नसली तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३ खाली धनकोंना बुडवण्यासाठी केलेला व्यवहार त्यांच्या मागणीवरून रद्द होऊ शकतो; आणि मालमत्ता लपवण्याचे हेच कृत्य अटकेच्या अर्जात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले गेले असते. येथे तर पतसंस्थेचा बोजा आधीच चढलेला असल्याने प्लॉट वाचलाही नसता. मसुदा फाडून टाकायला सांगितला.

पुढे नादारीत मुक्तता मिळण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. नादारी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे विनातारण देण्याच्या रुपयाला आठ आणे एवढीही मालमत्ता नसेल, तर न्यायालय बिनशर्त मुक्तता देत नाही. ही तूट आपल्या दोषाशिवाय आलेल्या परिस्थितीमुळे झाली, हे ऋणकोला पटवून द्यावे लागते. त्यांचे विनातारण देणे १९ लाख ७८ हजार होते, म्हणजे कसोटी सुमारे १० लाखांची. टाळेबंदी हे कारण भक्कम होते, पण त्याच कलमात हिशोबाच्या वह्या न ठेवणे, फेडण्याची आशा नसताना नवे कर्ज काढणे यांचाही समावेश आहे, आणि ॲपवरील शेवटची दोन कर्जे त्या दृष्टीने अडचणीची होती. शासनाचे देणे, म्हणजे येथे वस्तू व सेवा कर, मुक्ततेच्या आदेशानेही सुटत नाही.

निर्णय

त्यांचा मूळ बेत यंत्र विकून घर वाचवण्याचा होता. साडेपाच लाखांत बँक थांबणार नव्हती, आणि यंत्र गेल्यावर महिन्याचे उत्पन्नही गेले असते. मसाल्याच्या व गुळाच्या खोक्यांची छपाई, शाळांची प्रगतिपुस्तके, सोसायट्यांच्या पावतीपुस्तकांची कामे अशा मिश्र कामांतून खर्च वजा जाता तेव्हाही दरमहा २८ ते ३० हजार हाती राहत होते. उलट घराची स्थिती अशी होती, की लिलावात ते गेले तर राखीव किंमत बाजारभावाहून खाली धरली जाते आणि ताबा, जाहिरात यांचा खर्चही कर्जखात्यातच जमा होतो. आम्ही दोन्ही हिशोब कागदावर मांडून ठेवले आणि निर्णय कुटुंबावर सोपवला. निर्णय दिला तो पत्नीने: ‘मशीन विकून घर ठेवलं, तर त्या घरात बसून खायचं काय?’

सरफेसीची नोटीस आल्यावर गहाण मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, हे कलम १३(१३) मध्ये आहे. म्हणून आधी बँकेकडे तडजोडीचा प्रस्ताव दिला आणि त्यातच घराच्या खासगी विक्रीला संमती मागितली. तारण पुरेसे असताना बँक मुद्दल सोडत नाही, आणि तिने का सोडावे, हाही प्रश्नच आहे; सूट मिळते ती दंडव्याजात आणि खाते अनुत्पादक झाल्यानंतरच्या व्याजात. २१ लाखांऐवजी १९ लाख २५ हजारांवर तडजोड झाली. घर २६ लाख ५० हजारांना गेले आणि बँकेची रक्कम खरेदीदाराच्या गृहकर्जातून थेट कर्जखात्यात जमा झाली. घर जुने असल्याने महागाई निर्देशांक धरल्यावर भांडवली नफा उरला नाही. हा हिशोब सौद्याआधी करावा, नंतर नव्हे.

प्लॉट साडेचार लाखांना विकला गेला, पण बोजा उतरल्याशिवाय खरेदीदार सही करेना. अखेर खरेदीदाराने पतसंस्थेच्या नावे थेट धनादेश दिला, पतसंस्थेने सामोपचार परतफेड योजनेत ३ लाख ९० हजारांवर खाते बंद करून बोजा उतरवण्याचे पत्र तलाठ्याला दिले आणि त्याच आठवड्यात शिक्षकाची पगारकपात थांबवण्याचे पत्र त्याच्या कार्यालयात गेले. हाती उरलेल्या पैशांतून कामगारांचा पगार आणि कराची थकबाकी पूर्ण दिली. धनादेशवाल्या व्यापाऱ्याने तोपर्यंत तक्रार दाखल केली होती. २ लाख भरून ती लोकअदालतीत तडजोडीने मिटली. इतर कागद व्यापाऱ्यांनी ३ लाख २० हजारांपैकी १ लाख ६० हजार घेऊन हिशोब संपवला. ॲप व कार्डवाल्यांशी दीड लाखावर तडजोड झाली, मात्र प्रत्येकाकडून रक्कम, तारीख आणि ‘यानंतर काही बाकी नाही’ हा मजकूर असलेले पत्र हातात आल्यावरच पैसे भरले. तोंडी तडजोडीवर पैसे भरले आणि उरलेल्या रकमेची मागणी करणारा दुसराच एजंट वर्षाने दारात उभा राहिला, अशी प्रकरणे आमच्याकडे नेहमी येतात. अशा खात्यांची पतअहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, ‘क्लोज्ड’ अशी नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या चौकटीप्रमाणे तडजोड करणाऱ्या कर्जदाराला नवे कर्ज देण्याआधी बँकेने शेतीकर्ज वगळता किमान १२ महिने थांबायचे असते. हे त्यांना आधीच सांगितले होते.

या सर्व व्यवहारांत एक धोका आम्ही जाणून पत्करला होता. नादारीच्या अर्जापूर्वी तीन महिन्यांच्या आत एखाद्या धनकोला झुकते माप देऊन पैसे दिले, तर नादारी कायद्याच्या कलम ५४ खाली ते व्यवहार रद्द होऊ शकतात. एखाद्या नाराज घेणेकऱ्याने मध्येच स्वतः नादारीचा अर्ज केला असता, तर पतसंस्थेला दिलेली रक्कम वादात सापडली असती. म्हणून प्रत्येक विनातारण धनकोला सुरुवातीलाच एकाच मजकुराचे पत्र पाठवून एकूण देणे, उपलब्ध रक्कम आणि देण्याचा क्रम कळवला होता. ते पत्र वाचल्यावर कागद व्यापाऱ्यांचा सूर बदलला, असा माझा अनुभव आहे. लपवाछपवी नाही हे दिसले की व्यापारी माणूस आकड्यावर बोलतो.

मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात नोंदवतो. वडिलांचे कर्ज फेडण्याची धर्माधारित जबाबदारी ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांपुरती कायद्याने संपलेली आहे. वारसाचे दायित्व वारशाने आलेल्या मालमत्तेपुरतेच असते, त्याच्या स्वतःच्या पगारावर ते येत नाही. त्याने मात्र कोठेही हमीदार म्हणून सही करू नये, एवढे त्याला निक्षून सांगितले.

कुटुंब आता भाड्याच्या घरात राहते आणि छापखाना चालू आहे. भाड्याच्या घराची अनामत आणि कागदाची रोखीने खरेदी यांत उरलेले सुमारे पावणेदोन लाख गेले. नातेवाइकांचे अडीच लाख दरमहा ५ हजारांप्रमाणे देण्याचे ठरले आहे. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने मिळकतीची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करावीत, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. कागदपत्रे मुदतीत मिळाली. यंत्रावरील बोजा उतरल्याचे पत्र मात्र वेगळे मागून घ्यावे लागले. सावकाराविरुद्धचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांपुढे चालू आहे, सावकाराने कोरे धनादेश अद्याप वटवायला टाकलेले नाहीत, आणि निकाल कोणाच्याही विरुद्ध गेला तरी एका महिन्याच्या आत विभागीय सहनिबंधकांकडे अपील होईल, हे धरूनच पुढची तयारी ठेवली आहे.